भोगवटादार

आईच्या नावावरची आडवी रेष मी पहिल्यांदा पाहिली ती तलाठी कार्यालयाशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून. २०२२ चा डिसेंबर होता. वारस नोंद मंजूर होऊन आठ दिवस झाले होते. नव्या उताऱ्यावर भावाचं आणि माझं नाव आलं होतं, आणि वर आईचं, मधून बारीक रेष गेलेलं. वडील, आमचे आप्पा, गेले तेव्हा, २००९ साली, रेष नव्हती, कंस होता. तलाठ्यांनी निळ्या शाईने त्यांच्या नावाच्या अलीकडे-पलीकडे दोन वाकड्या खुणा केल्या आणि शेजारी फेरफाराचा नंबर घातला. २०२० च्या सप्टेंबरात सातबाऱ्याचा नमुना बदलला आणि मयत खातेदाराच्या नावाला कंस घालण्याऐवजी आडवी रेष मारायची पद्धत आली. पण नाव पुसत कधीच नाहीत. ते वाचता येतं. माणूस कितव्या फेरफाराने या जमिनीवर आला आणि कितव्याने गेला, हे कागद सांभाळून ठेवतो.

ज्या रकान्यात ही नावं असतात त्यावर ‘भोगवटादार’ असं छापलेलं आहे. मालक नाही. एकतीस वर्षं मी विश्रांतवाडीत घरांचे नकाशे काढते आहे, हे शब्द रोज हाताखालून जातात, पण त्या दिवशी दुकानात तो शब्द पहिल्यांदा वाचल्यासारखा वाचला.

आमच्या कामाची भाषा रूक्ष आहे असं लोकांना वाटतं. मला ती कधी तशी वाटली नाही. घराची जमिनीवर टेकलेली बैठक म्हणजे जोतं. घर आणि शेजाऱ्याची हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा म्हणजे सामासिक अंतर. मजल्यामजल्यांची मिळून होणारी फरशी म्हणजे चटई क्षेत्र, जणू सगळ्या घरात चटया अंथरून मोजलं. गावठाणातल्या रिकाम्या जागेला बखळ म्हणतात. शेतातल्या ज्या तुकड्यात पीक येत नाही तो पोटखराबा. आणि घर बांधून पूर्ण झालं की मिळतं ते भोगवटा प्रमाणपत्र. एवढ्या वर्षांत हजारो कागद हाताळले, पण मालकी प्रमाणपत्र नावाचा कागद माझ्या टेबलावर कधी आला नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे कायदासुद्धा ‘हे याचं आहे’ असं ठामपणे म्हणत नाही. तूर्त असं धरून चालू, एवढंच म्हणतो.

आप्पांना हे ऐकून फार आनंद झाला असता. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते आणि माळकरी होते. १९८३ साली त्यांनी इथे दोन गुंठे घेतले. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट. चारी बाजूंना ज्वारी होती, रस्ता नव्हता, बैलगाडीची वाट होती. एकाच सातबाऱ्यावर आमच्यासारखी चाळीसेक नावं, प्रत्येकाचं क्षेत्र एक-दोन आर. पुढे १९९७ साली भोवतालची गावं महापालिकेत आली, त्यांत धानोरी आली, कळस आलं, आणि शेताच्या वाटांना गल्ल्यांची नावं मिळाली. लोहगावचा विमानतळ जवळ असल्यामुळे घर किती उंच चढवायचं यालाही हद्द आहे. आमच्या भागात आकाशसुद्धा मोजून मिळतं. आप्पा म्हणायचे, “आपण इथे पालखीसारखे. मुक्काम झाला की उठायचं. जागा पांडुरंगाची.” माझी आजी तर सांगायची की वाडीच्या नावातली विश्रांती ही माउलींच्या पालखीचीच. ज्येष्ठ वद्य अष्टमीला पालखी आळंदीतून निघते, आणि नवमीला पुण्याकडे येताना दिघीवरून आमच्या दारापासून शंभर पावलांवरून जाते. त्या दिवशी आप्पांचं बोलणं खरं वाटायचं. रस्ता कुणाचाच नसायचा, म्हणून सगळ्यांचा व्हायचा.

आईला मात्र ते पटत नव्हतं. १९९२ साली सरकारने लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आधी चळवळ उभी केली होती: नवऱ्याने आपण होऊन बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं. आईने ते रेडिओवर ऐकलं आणि त्याच संध्याकाळी विषय काढला. आप्पा हसले. म्हणाले, “अगं, आपलं काय आहे इथं? समदं पांडुरंगाचं.” आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मान्य. मग पांडुरंगाच्या खाली तुमचं नाव कसं लागलं? तिथंच माझं बी लावा.”

आप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी आईवर कधी आवाज चढवला नाही. पण नाव लावायचं राहून गेलं, ते सतरा वर्षं राहिलं. आई उताऱ्यावर आली ती त्यांच्या कंसानंतर, वारस म्हणून. उतारा हातात आल्यावर तिने बोट ठेवून आपलं नाव एकेक अक्षर वाचलं, मग घडी घालून देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवला. तेरा वर्षं ती भोगवटादार होती.

तेव्हापासून मला एक प्रश्न सुटत नाही. जमीन कुणाचीच नाही हे मला मनापासून खरं वाटतं. भूमिपूजनाला आपण पहिली कुदळ मारण्याआधी पृथ्वीची क्षमा मागतो, आणि हजार नकाशे काढून झाल्यावर मला तो विधी कुठल्याही नोंदणीपेक्षा जास्त अचूक वाटतो. ईशावास्य उपनिषदाची सुरुवातच या विचाराने होते की हे सगळं ईश्वराने व्यापलेलं आहे, म्हणून त्याग करून भोग घ्यावा. भोगवटादार या शब्दातला भोग मी तिथून वाचते. पण हे सत्य कुणी कुणाला सांगायचं? भाकरी थापणाऱ्या बाईला उतारा हातात असलेल्याने सांगायचं का?

शब्दांकडे परत जाते, कारण या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. गावात जुने दोनच विभाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आजच्या विकास आराखड्यात शेती विभाग आणि रहिवास विभाग असतात, ते आपल्या पूर्वजांनी मातीच्या रंगावरून कधीच आखले होते. मला हे दोन शब्द फार आवडतात. पण पांढरीभोवती आणखी एक रेषा होती, गावकूस. त्या भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे मातीने नव्हे, जन्माने ठरायचं. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले असं परंपरा सांगते, साल १३३८. ज्या भिंतीच्या आत त्यांना घर नव्हतं ती बांधताना. आणि ज्या माउलींची पालखी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, त्यांचं बालपणही आळंदीच्या वस्तीत गेलं नाही, इंद्रायणीकाठच्या सिद्धबेटावर गेलं असं सांगतात. आईवडिलांना वाळीत टाकलेलं होतं. आपल्या संतांना जमिनीच्या नश्वरतेचं ज्ञान होतंच, पण जागा नाकारली जाणं म्हणजे काय हेही त्यांनी अंगावर घेतलं होतं. आपण कीर्तनात पहिलं ऐकतो आणि दुसरं पुढे ढकलतो.

कागदावरही ती रेषा पुसली गेलेली नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं खालसा झाली, महार वतनही त्यांत आलं. जमिनी परत मिळाल्या, पण बहुतेकांच्या नावापुढे आजही ‘भोगवटादार वर्ग २’ असतं. वर्ग १ म्हणजे विकायला मोकळा, वर्ग २ म्हणजे परवानगी लागते. शब्द तोच, भोगवटादार. एकाला तो हक्क वाटतो, दुसऱ्याला अट. २०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. ते योग्यच झालं. नाव बदललं तरी नकाशावर वस्ती अजून बहुतेक तिथंच आहे, ओढ्याच्या त्या अंगाला, हा भाग उरतो.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली. घरकुल मंजूर व्हायचं होतं, नकाशा हवा होता. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढला: घरपट्टीच्या बावीस वर्षांच्या पावत्या, विजेचं बिल, ग्रामपंचायतीचा नमुना ८. सगळीकडे तिचं नाव. जागेचा उतारा मागितला तर गप्प झाली. जागा गायरान होती. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, आणि तो निकाल मला चुकीचा वाटत नाही. गुरांचं रान खरोखरच बड्या लोकांनी गिळलेलं आहे. पण ती म्हणाली, “ताई, घर हाय, कर हाय, जागा नाय. मग मी ऱ्हाती कशावर?” मी एकशे वीस चौरस फुटांची खोली, पडवी आणि न्हाणी कागदावर काढली. खाली भूखंडाची हद्द काढायला घेतली आणि पेन उचलून ठेवलं. हद्द कशाला जोडायची?

‘सगळं देवाचं आहे’ हे वाक्य मी तिला सांगू शकले नाही. ते तिच्याबाबतीत आधीच पूर्ण झालेलं होतं. तिचं खरंच काही नव्हतं, आणि त्यातून तिला वैराग्य नव्हे, रोजची धास्ती मिळत होती. मला तेव्हा कळलं की त्याग हा ज्याच्याकडे काही आहे त्याचा धर्म आहे. विनोबांनी १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत ऐंशी एकर मागितले आणि शंभर मिळाले, तेव्हा ‘जमीन भगवंताची’ हे ते भूमिहीनांना समजावत नव्हते. ज्याच्या नावावर उतारा होता त्याच्या दारात उभे राहून सांगत होते. हे वाक्य कुणाच्या दारात उभं राहून म्हटलं यावर ते धर्म होतं की अन्याय, हे ठरतं. आप्पा पाटावर बसून म्हणत होते ते आईच्या दिशेने गेलं. तेच वाक्य त्यांनी स्वतःला ऐकवलं असतं, तर सतरा वर्षं आधी फेरफार झाला असता.

आईच्या माहेरी पुरंदरला गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली. गावठाणातल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या उतारा नव्हता, फक्त कराची नोंद. म्हणून पुरंदरच्याच सोनोरीत आधी प्रयोग झाला आणि २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन येणार त्याच्या आदल्या दिवशी मामीने घराभोवती चुन्याची रेष ओढली. कमरेत वाकून, ओंजळीतून चुना सोडत, परसातल्या तुळशीला वळसा घालून. मामा अंगणात उभा राहून “सरळ काढ” म्हणत होता. ती थांबली आणि म्हणाली, “तुळस आत पाहिजे.” रेष वाकडीच राहिली. वरून ती तशीच दिसली असणार, आणि मालमत्ता पत्रकाच्या नकाशात हद्द तिथे थोडी वळते. सनदेवर दोघांची नावं आहेत.

आमचं विश्रांतवाडीचं घर आता नव्याने बांधायचं आहे. नकाशा मीच काढते आहे. आमच्याकडे रीत अशी की पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरप्या रेघांनी दाखवायचं आणि नवं लाल भरायचं. रस्तारुंदीची रेषा जोत्याच्या पुढून जाते, म्हणून ओटा पिवळ्यात गेला. हाच ओटा, त्यावर आई नवमीला दोन घागरी आणि गुळाची परात घेऊन बसायची. बायका चिखलाचे पाय घेऊन टेकायच्या, कुणी पायातला काटा काढायची, कुणी तान्ह्याला पाजायची, आणि उठताना ओट्यालाच हात लावून नमस्कार करायच्या. आईने कुणाला गाव विचारलं, जात कधी विचारली नाही. ज्या जागेवर तिचं नाव नव्हतं तिथं तिने पंचवीसेक वर्षं परक्या माणसांना बसवलं.

भावाला पुढे कुंपणाची भिंत हवी आहे, सहा फुटी, वर टोकदार जाळी. गल्लीत आता सगळ्यांची तशीच आहे, आणि चोऱ्याही होतात, त्याचं म्हणणं खोटं नाही. आम्ही दोन रविवार यावर बोललो. तिसऱ्या रविवारी वहिनीने नकाशा आपल्याकडे ओढला आणि विचारलं, “पुढच्या सामासिक अंतरात ओटा बसतो का, वन्सं?” बसतो. उघडा असला, छत नसलं तर बसतो. भाऊ काही बोलला नाही, चहाचा कप घेऊन आत गेला. वहिनी तशीच थांबली आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “आणि उताऱ्याला माझं नाव लावायचं म्हटलं, तर अर्ज कुणाकडं करायचा?”

मी तिला कोरा कागद दिला. भावाला आतून हाक मारली, कारण सही त्याची लागणार होती. मग लाल पेन घेऊन रस्त्याच्या बाजूला, भिंतीच्या जागी, अडीच फूट रुंद आणि नऊ फूट लांब ओटा भरायला घेतला.