म्हणी कोरायला घेण्याआधी

कोल्हापूर

चि. मीरास,


शेवटच्या वर्षाच्या कामासाठी मराठी म्हणी तांब्याच्या पत्र्यावर कोरायच्या आणि त्याआधी जुनी डच छापचित्रं अभ्यासायची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. फक्त त्या चित्रांतून काय उचलायचं आणि काय तिथंच ठेवायचं, हे आधी ठरव.

पीटर ब्रॉयगेलचं ‘मोठे मासे लहान मासे खातात’ समोर घेऊन बस. मूळ रेखाटन १५५६ सालचं. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या हिरोनिमस कॉक या प्रकाशकानं ते कोरवून घेऊन छापलं. किनाऱ्यावर अवाढव्य मासा पडलाय आणि शिरस्त्राण घातलेला एक बुटका आपल्याहून मोठ्या सुऱ्यानं त्याचं पोट फाडतोय. पोटातून मासे बाहेर पडतायत, त्यांच्या तोंडात आणखी मासे. एक मासा तर चक्क दोन पायांवर चालत निघालाय, तोंडातला घास न सोडता. पुढं होडीत बाप पोराला हे सगळं हातानं दाखवतोय. आपल्याकडं यालाच मत्स्यन्याय म्हणतात. पण पोराचा हात कुठं वळलाय ते बघ. त्यांच्याच होडीतला दुसरा माणूस माशातून मासा काढतोय, त्याच्याकडं! आपणही त्याच होडीत आहोत, हे पोराच्या ध्यानात आलंय. ‘असं वागू नये’ असं बाप कुठंच म्हणत नाही. मला या चित्राची थोरवी तिथं दिसते.

हाच विषय आपल्या गावात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या चित्रपटात मांडला. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणी कामगार होतो. ब्रॉयगेलकडं जाताना ही वाट तुला घरचीच आहे, हे विसरू नकोस.

कवी याकोब काट्सची पुस्तकं सतराव्या शतकात डच घराघरांत वाचली जायची. चित्र, म्हण आणि खाली उपदेशाची कविता, असा त्यांचा थाट. ती बघ, पण त्यांच्या मागं जाऊ नकोस. तिथं चित्र कवितेची चाकरी करतं. त्यापेक्षा यान लाउकेननं मुलाबरोबर केलेलं १६९४ सालचं शंभर व्यवसायांचं पुस्तक जास्त दिवस जवळ ठेव. उपदेश त्यातही आहे. पण हत्यार कसं धरलंय, कामाची वस्तू कुठं ठेवलीय, हे त्यानं इतक्या मायेनं कोरलंय की उपदेश वाचला नाही तरी चालतं.

हेच तुझ्या म्हणींना लाव. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही तू यादीत पहिली लिहिली आहेस. हावरट तोंडाचा माणूस काढू नकोस, तो कुणीही काढील. तोडणी चालू असलेल्या फडात जा. कोयता जमिनीलगत कसा चालतो ते बघ. मागं राहिलेल्या बुडख्यांतूनच पुढचा खोडवा फुटतो. मूळ उपटलं तर पुढच्या वर्षी शेतात काय राहणार? म्हणीचा सगळा जीव त्या बुडख्यात आहे. त्याचे डोळे, चिकटलेली माती, बाजूचा पाला, एवढं नेमकं आलं तरी ऊस पिकवणारा माणूस त्या चित्रासमोर थांबेल.

‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ यासाठी परसात काथ्याचा तुकडा जाळून बघ. राखेत पीळ दिसतो आणि बोट लागताच ढासळतो. ब्युरिन या कोरणीनं ओढलेली रेघ बारीक सुरू होऊन मधे फुगते आणि परत निमुळती होते. पिळाला याहून चांगली रेघ मिळायची नाही.

तुझ्या यादीतल्या तीन म्हणी मात्र काढून टाक. दोन जातीवरून आहेत, एक विधवेवरून. जुन्या आहेत म्हणून त्यांना मान द्यायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या गावची तू मुलगी. ज्या म्हणीनं कुणाची मान खाली जाते, तिच्यावर तुझा हात चालू नये असं मला वाटतं.

त्यांच्या जागी ‘कुंपणच शेत खातं’ घे. ब्रॉयगेलला भावली असती अशी म्हण आहे. खरी बाभळीची काटेरी शिरी बघून काढ, आणि तिला पिकात तोंड घालू दे.

आणि मिरजेच्या गीतेची आठवण ठेव. पुण्यातला एक तांबट तिथल्या इंग्रज रेसिडेंट मॅलेटसाहेबाच्या आश्रयानं हे तांब्यावरचं कोरीवकाम शिकला. नाना फडणविसांच्या सांगण्यावरून त्यानं गीतेचे पत्रे कोरायला घेतले. नाना गेल्यावर मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ साली ती गीता छापली गेली. छापात सगळं आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणजे सातशे श्लोक त्यानं उलट्या अक्षरांत कोरले. तू म्हण अक्षरांत कोरूच नकोस. चित्र बघणाऱ्याच्या तोंडून ती आपसूक आली पाहिजे. नाही आली, तर पत्रा घासून पुन्हा कोर.

दिवाळीनंतर तोडण्या सुरू झाल्या की ये. फडात ओळखीची माणसं आहेत, सकाळी लवकर निघू. वही आण, मोबाईलवर फोटो काढत बसू नकोस.

तुझा,
मामा