संमति किती आणि कशासाठीं?

वैद्यकीय संशोधनासाठीं कृष्णवर्णीय व मूलनिवासी लोक पुरेशा संख्येनें पुढें येत नाहींत, ही अमेरिकेंतील जुनी तक्रार आहे. त्यांचा सहभाग वाढावा म्हणून १९९३ सालीं तेथें कायदाही झाला. सहभागाच्या अभावीं होणारी हानि कल्पित नव्हे. बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु मोजण्याचें यंत्र काळ्या त्वचेवर अधिक वेळां चुकतें व रोग्याची खरी अवस्था झांकून ठेवतें, हें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें दाखविलें. तेव्हां या लोकांचा अविश्वास घालवा, असा उपदेश निघतो. परंतु अविश्वास म्हणजे अज्ञान, हें त्यांतील गृहीत आम्हांस मान्य नाहीं.

टस्कीगीचा प्रयोग सर्वश्रुत आहे. १९३२ पासून १९७२ पर्यंत, औषध उपलब्ध झाल्यावरही, सुमारें ४०० उपदंशग्रस्त कृष्णवर्णीयांस तें दिलें गेलें नाहीं. तेथें अपराध उघड होता. विचारास अधिक कठीण आहे तें हवासुपाई लोकांचें प्रकरण.

ही छोटी जमात ॲरिझोनांत ग्रँड कॅन्यनच्या दरींत राहते. मधुमेहानें ती पोखरली होती. १९९० पासून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्यांचें रक्त घेतलें. शोध मधुमेहाचा आहे, अशी देणाऱ्यांची समजूत. पुढें त्याच रक्तावर मनोविकारांचा, आप्तविवाहांचा आणि पूर्वजांच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. संमतिपत्रांतील शब्द व्यापक होते खरे. कायद्यांत तो बचाव कदाचित् टिकेल. नीतींत टिकत नाहीं, असें आम्ही म्हणतों. मुलाच्या औषधासाठीं म्हणून मागून नेलेल्या पैशांतून कोणी देणाऱ्याच्याच कुळाची चौकशी करविली, तर त्यास आपण काय म्हणूं? हवासुपाई आपला उगम त्याच दरींत झाला असें मानतात. बाहेरून आल्याची कथा त्यांच्याच रक्ताकडून वदविली गेली. (ती शास्त्रदृष्ट्या खरी असेल; प्रश्न तिच्या खरेपणाचा नाहींच.) २०१० मध्यें विद्यापीठानें तडजोड करून ७ लाख डॉलर दिले व उरलेले रक्ताचे नमुने परत केले. पैशापेक्षां ही परतफेड आम्हांस अधिक बोलकी वाटते.

त्याच राज्यांत पसरलेल्या नवाहो राष्ट्रानें १९९६ सालींच संशोधनाच्या परीक्षणासाठीं स्वतःचें मंडळ स्थापिलें. त्याच्या संमतीवांचून काम आरंभितां येत नाहीं, आणि निबंध छापण्यापूर्वीं तोही मंडळास दाखवावा लागतो. २००२ मध्यें तर नवाहोंनीं आनुवंशिक संशोधनच स्थगित केलें. यांत त्यांच्या रोग्यांचेंही नुकसान होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तें पत्करावें कीं नाहीं, हें या खेपेस ठरविलें तें त्यांनीं.