धोतऱ्याचे विष आणि दोष दाखविण्याचा शब्द
(गलतीकरांस पत्र ६:१)



राळेगावच्या पडीक रानात धोतरा आपोआप उगवतो. त्याचे बी पोटात गेले असता मनुष्य भ्रमिष्ट होतो, प्रसंगी प्राणासही मुकतो. तथापि ह्याच झाडात असणारे ॲट्रोपिन नावाचे द्रव्य डॉक्टरांच्या हाती औषध होते. सन २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर मरण पावले. अशा काही कीटकनाशकांच्या विषावर दवाखान्यात ॲट्रोपिनच मोजून टोचतात. म्हणून धोतरा मात्र कोणी खाऊ नये. रोग्यास त्वरित दवाखान्यात न्यावे. जीव वाचतो तो मापाने व जाणत्या हाताने.

दोष दाखविण्याचा शब्दही असाच आहे. मंडळीतील कोणी भाऊ दारूच्या पाशात पडला, तर त्यास चारचौघांत झिडकारणे म्हणजे मूठभर बी चारणे होय. आणि मुळीच न बोलणे म्हणजे औषध कुपीत ठेवून त्यास मरू देणे होय. अशास सौम्यतेने सावरावे व स्वतःसही जपावे, असे पौल शिकवितो. तर आधी प्रार्थना करा, मग त्याच्या घरी जाऊन एकांतात बोला. तो पुन्हा आपल्या शेजारी उपासनेस बसेल, असे प्रभू करो. आमेन.