अडवणाऱ्याचं आयुष्य

गोल करणाऱ्याचं नाव फलकावर झळकतं. अडवणाऱ्याच्या वाट्याला शून्य येतं, आणि ते शून्य राखताना कुणाचा किती जीव पणाला लागला, हे फलक सांगत नाही. जे घडलं त्याची जग नोंद ठेवतं. जे कुणीतरी घडू दिलं नाही, त्याची नोंद ठेवायला जगाकडे वहीच नसते.

ही वही एकदाच, एका रात्रीपुरती उघडली गेली. 7 मे 1986, स्पेनमधलं सेव्हिल शहर, फुटबॉलच्या युरोपियन कपचा अंतिम सामना. एका बाजूला बार्सिलोना, दुसऱ्या बाजूला रोमानियाच्या लष्कराचा संघ स्तेआवा बुखारेस्ट. स्तेआवाच्या गोलात उभा होता हेल्मुट डुकाडाम. वय 27, ओठावर दाट मिशी. आराद जिल्ह्यातल्या सेमलाक गावचा, रोमानियातल्या जर्मन समाजातला. आरादच्या संघातून तो 1982 मध्ये राजधानीत आला होता. देशाकडून जेमतेम दोन सामने खेळलेला. त्या रात्रीपूर्वी युरोपात त्याचं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मैदान स्पेनचं, प्रेक्षक बहुतेक सगळे बार्सिलोनाचे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत परदेशी जायची परवानगी सहजी मिळत नसे, त्यामुळे रोमानियातून आलेले पाठीराखे मूठभर. 120 मिनिटं झाली, गोल नाही. निकाल पेनल्टींवर गेला.

पेनल्टी 11 मीटरवरून मारतात. गोल 7.32 मीटर रुंद. चेंडूला पाय लागेपर्यंत गोलरक्षकाने पाऊल हलवायचं नाही, असा तेव्हाचा नियम होता. चेंडू पाहून झेप घ्यावी तर उशीर होतो. म्हणून आधी माणूस वाचावा लागतो.

स्तेआवाची पहिली पेनल्टी बार्सिलोनाचा गोलरक्षक उरुती याने अडवली. बार्सिलोनाचा अलेक्सान्को आला, डुकाडाम उजवीकडे झेपावला, अडवली. स्तेआवाची दुसरीही उरुतीने अडवली. पेद्राझा आला, डुकाडाम पुन्हा उजवीकडे, पुन्हा अडवली. चार पेनल्टी झाल्या, गोल एकही नाही. मग स्तेआवाच्या लाकातुशने गोल केला. पिची अलोन्सो आला; डुकाडाम तिसऱ्यांदा उजवीकडे, तिसरीही अडवली. बालिंतने गोल केला. मार्कोस आला. या खेपेस डुकाडाम डावीकडे गेला, आणि चेंडूही तिकडेच आला. निकाल 2-0. पूर्व युरोपातल्या संघाने हा करंडक पहिल्यांदाच जिंकला.

पहिली अडवल्यावर आपण मारणाऱ्याच्या जागी जाऊन विचार केला, असं तो पुढे सांगत असे. आता हा बाजू बदलेल, असं समोरच्याला वाटणार. म्हणून त्याने बदलली नाही. एकाच बाजूला तीनदा जायला हिंमत लागते. पण ज्या बाजूने तीनदा यश दिलं, ती चौथ्यांदा सोडायला त्याहून मोठी हिंमत लागते. यशाची सवय मोडणं अपयशाची सवय मोडण्याइतकंच कठीण असतं.

त्याच रात्री उरुतीनेही दोन पेनल्टी अडवल्या. एरवी तेवढ्यावर माणूस नायक होतो. तो हरला. कर्तबगारी आणि जय यांचं नातं नेहमी सख्खं असतंच असं नाही. डुकाडामचा गौरव करताना उरुतीचं नाव घेतलं नाही, तर आपल्याला अडवण्याची किंमत कळलीच नाही, असं समजावं.

त्यानंतर काही आठवड्यांतच, उन्हाळ्यात, डुकाडामच्या उजव्या हातात रक्ताची गुठळी झाली. ज्या हाताने करंडक आणला, तोच हात. शस्त्रक्रिया करावी लागली. डिसेंबरमध्ये टोकियोत रिव्हर प्लेटविरुद्ध स्तेआवा क्लबांच्या जागतिक करंडकासाठी खेळला, पुढच्या फेब्रुवारीत दिनामो कीवला हरवून सुपर कप जिंकला. दोन्ही वेळा गोलात दुसराच कुणी होता. 1989 पासून दोन वर्षं डुकाडाम आरादच्या एका लहान संघाकडून खेळला. शिखर मात्र 27व्या वर्षीच मागे पडलं होतं.

लोकांना हे पचेना. राजवटीतल्या कुणाचा तरी रोष ओढवला, त्याचे हात मोडले, अशी वदंता पसरली. त्या काळात ती कुणालाही खरी वाटावी अशीच होती. डुकाडामने ती नाकारली. आजार होता, एवढंच सांगितलं. दुःखाला गुन्हेगार सापडला की ते सोसायला थोडं हलकं होतं. गुन्हेगार नसलेलं दुःख एकट्याने वाहावं लागतं. आयता गुन्हेगार समोर असताना त्याने तो घेतला नाही. माझ्या लेखी हे त्याचं पाचवं अडवणं. स्वतःच्या आयुष्यात त्याने खोटं शिरू दिलं नाही.

पुढे तो सीमा पोलिसांत रुजू झाला, आपल्याच सेमलाकमध्ये, हंगेरीच्या सीमेजवळ. मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. मधे नशीब काढायला अमेरिकेतही जाऊन आला. स्तेआवाला त्याची आठवण झाली ती 2010 मध्ये. त्याला क्लबचं अध्यक्षपद दिलं. 2 डिसेंबर 2024 रोजी तो गेला. वय 65.

त्या रात्रीनंतर तो 38 वर्षं जगला. पराक्रम दहा मिनिटांत मावतो, आयुष्य मावत नाही. उरलेला काळ माणसाला नावाच्या आधाराने जगता येत नाही. रोज उठून कामावर जावं लागतं. सेव्हिलच्या नायकाने गणवेश चढवून गावाच्या वेशीवर चाकरी केली, यात मला कुठेही उतरण दिसत नाही. रेषेवर उभं राहणं हेच त्याचं काम होतं, ते त्याने दोन्हीकडे केलं.

तरीही डुकाडाम भाग्यवान. त्याचं अडवणं साऱ्या युरोपने पाहिलं आणि मोजलं. साथ गावात शिरू न देणारी आरोग्यसेविका, रूळ तपासत रात्रभर चालणारा गँगमन, घरातलं भांडण विकोपाला जाऊ न देणारी थोरली जाऊ यांच्यासाठी कोणी पेनल्टी मोजत नाही. त्यांचं काम चोख झालं की काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून त्यांचे आभार मानायचं राहून जातं. अनर्थ झाल्यावर चूक कुणाची, हे आपण लगेच शोधतो. दिवस सुखरूप पार पडला तर तो कुणामुळे, हेही तितक्याच तत्परतेने शोधायला हवं. आणि तो माणूस कामावर असतानाच त्याला तसं सांगायला हवं.