गुरू करावा, डोळे उघडे ठेवून

भक्तहो, दत्तजयंतीला आपण अवधूताच्या चोवीस गुरूंची आठवण काढतो. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा. काय घ्यावं आणि काय टाळावं, दोन्ही अवधूत त्यांच्यापासून शिकला. पतंग त्याचा गुरू खरा, पण म्हणून अवधूताने काही दिव्यावर उडी घेतली नाही!

आता हे बघा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टॉकब्रिज गावी 'कृपालू' नावाचा मोठा योगाश्रम होता. गुजरातेतून गेलेले योगी अमृत देसाई तिथले गुरू. आश्रमवासीयांना ते ब्रह्मचर्याचा उपदेश करीत. शिष्यांनी वर्षानुवर्षं तिथे सेवा केली. आणि १९९४ साली उघड झालं, की शिष्यवर्गातल्या स्त्रियांशी खुद्द गुरूंचेच संबंध होते. त्यांनी ते कबूल केलं, पद सोडावं लागलं. कित्येकांची श्रद्धा पार मोडली. योग मात्र तिथे आजही शिकवतात. फक्त गादीवर कुणी एक गुरू नाही, कारभार विश्वस्त मंडळ बघतं.

तेव्हा एक माणूस घसरला म्हणून योगाला नावं ठेवू नयेत. तसंच, गुरूचं नाव आलं की तोंड शिवूनही बसू नये. घरातली लेक-सून एखाद्या महाराजांबद्दल, योगशिक्षकाबद्दल काही सांगू लागली, तर 'गुरुनिंदा करू नकोस' म्हणून तिला दटावू नका. जवळ बसवा, सगळं ऐकून घ्या, तिच्या पाठीशी उभे राहा. शरण आलेल्याचा विश्वास मोडणं, गुरुपदाचा खरा द्रोह तोच.

विवेक जागा ठेवणं हीसुद्धा दत्तसेवाच आहे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!