दिवाबत्तीची सोय

धरमतरचा पूल ओलांडताना आधी डोळ्यांत भरतो तो डोलवीचा पोलाद कारखाना. एके काळी मुंबईहून येणाऱ्या बोटी पुलाखालच्या याच खाडीत लागत. इथून पोयनाड, अलिबाग करत रेवदंड्याला गेलं की रोहा आणि अष्टमी यांच्यामधून वाहत आलेली कुंडलिका समुद्राला मिळते. तिच्या अलीकडे रेवदंडा, पलीकडे कोर्लई. जुन्या प्रार्थनास्थळांचं काय करायचं, याचं उत्तर मला या दोन काठांवर सापडलं.

रेवदंड्याच्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीज चर्चचे अवशेष विखुरले आहेत. फ्रान्सिस्कन मठाचा सातखणी मनोरा अजून उभा आहे, पण सातही खण आज शाबूत नाहीत. दगडांच्या सांध्यांतून वडा-पिंपळाची मुळं उतरली आहेत. जिथे मूळ शिरतं तिथे चुना सुटतो, तिथे पाणी मुरतं, आणि मग दहा पावसाळ्यांत भिंत फुगते. 1740 साली चौल, म्हणजे हाच रेवदंड्याचा कोट, आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. कोटातली ख्रिस्ती वस्ती हलली, तिथली प्रार्थना थांबली, आणि मग कौलं शाकारायला कोणी उरलं नाही.

पलीकडे कोर्लईला ख्रिस्ती वस्ती राहिली. तिथलं माउंट कार्मेलचं चर्च आजही घंटा वाजवतं. तिथली हजाराच्या आसपास माणसं घरात अजून मराठी आणि पोर्तुगीज यांच्या मिलाफातून झालेली बोली बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. काठ दोन, पण समुद्र एक, खारा वारा एक, पाऊसही एकच. फरक पडला तो वापराने.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. देवळाला इनाम मिळे ते ‘दिवाबत्तीसाठी’. सनद लिहिणाऱ्याला कळत होतं की रोज संध्याकाळी कोणी दिवा लावायला गेला, तर गळकं कौल त्याला दिसेलच. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. ती वाजत राहिली म्हणून ती साऱ्या गावाला ठाऊक आहे.

परक्या सत्तेच्या इमारती आपण का जपाव्यात, असं विचारणारे भेटतात. पोर्तुगीजांनी धर्माच्या नावाने केलेला जुलूम खरा आहे, तो विसरायचं कारण नाही. पण त्या भिंतींत इथल्याच पाथरवटांचे हात आहेत, आणि कोर्लईतला कोळी-शेतकरी ख्रिस्ती माणूस परका नाही. आजोबांच्या काळातल्या राज्यकर्त्याचा हिशेब नातवाच्या देवघराशी चुकता करता येत नाही.

मात्र रेवदंड्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती पेण, अलिबाग, पनवेल इथल्या सिनेगॉगांची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आपल्या या प्रार्थनास्थळांना ‘मशीद’ म्हणत आले. तेलाच्या घाण्यावर शनिवार पाळणारे म्हणून हे लोक कोकणात ‘शनवार तेली’. पेणकर, वाकरूळकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं म्हणजे या पंचक्रोशीचा नकाशाच. अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग 1848चं, पुढे 1910 साली नव्याने बांधलेलं. देश स्वतंत्र झाल्यानंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि लहान गावात तेवढे जमवणंही अवघड होतं. म्हणजे वास्तू उभी आहे, पण दिवा लावणारे हात कमी पडत चाललेत. रेवदंड्याची पडझडही इथूनच सुरू झाली होती.

पैसा उभा राहू शकतो. मुंबईत काळाघोड्याचं 1884चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग 2019 साली दुरुस्त होऊन पुन्हा खुलं झालं, त्याला जेएसडब्ल्यू फाउंडेशननेही हात दिला. डोलवीचा तो पोलाद कारखाना त्याच समूहाचा आहे. पेणची मशीद त्याला काळाघोड्यापेक्षा कितीतरी जवळची आहे.

पण नुसत्या पैशाने घात होतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारला की भिंत श्वास घेईनाशी होते. आतली ओल आतच कोंडते, खाऱ्या हवेतलं मीठ स्फटिक होऊन दगडाचे पापुद्रे काढतं. भिजवून मुरवलेला चुना, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी, हे काम सावकाशीचं आहे, आणि ते जाणणारे गवंडी मोजकेच राहिलेत. त्यांच्या हाताखाली पेणची पोरं शिकायला बसली, तर दुरुस्ती हीच एक शाळा होईल.

दुरुस्तीनंतरही शब्बाथ, म्हणजे शनिवारची प्रार्थना, आणि सण बेने इस्राएल समाजाचेच राहोत. तेवा, म्हणजे वाचनाचा चौथरा, आणि तोराचे ग्रंथ ठेवण्याची जागा यांना हात लागू नये. काय चालेल आणि काय नाही, हे मुकादम आणि पंच ठरवतील. उरलेल्या संध्याकाळी मात्र तिथे वाचन व्हावं, जुनी कागदपत्रं पाहायला मिळावीत, शेजारच्या मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळावी. बेने इस्राएलांनी 1880च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं सुरू केली होती, झांजा-मृदंगासह. पेण, रोहा, अलिबागच्या वाचनालयांना माझी विनंती आहे: या दिवाळीत पंचांकडे फराळ घेऊन जा, आणि असं एक कीर्तन त्यांच्या अंगणात करायची परवानगी मागा.