शांतीच्या दिवसांतच एकत्र बसू या



आरंभीच्या ख्रिस्तसभेत विधवांच्या अन्नवाटपावरून कुरबूर झाली, तेव्हा प्रेषितांनी सर्वांना बोलावून सात सेवक निवडायला सांगितले (प्रे. कृत्ये ६).

आपल्या भिवंडीने १९७० व १९८४ च्या दंगली सोसल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी पोलिसांसह एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली. भिवंडी शांत राहिली.

आपण थोडे आहोत, म्हणून गप्प बसायचे का? पाणी असो, गटार असो, मिरवणुकीचा रस्ता असो, बैठकीला आपणही जाऊ या, ऐकू या, बोलू या. आधीची ओळख असेल, तर अफवेच्या रात्री शेजाऱ्याचे दार ठोठावता येते.

प्रभू आपल्याला शांती करणारे बनवो. आमेन.